विषस्पर्शित रुग्ण आणि रुग्णालयाचा उंबरठा : कर्मचारी-प्रशिक्षणाच्या संहितांची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

रुग्णालयात येणारा प्रत्येक रुग्ण आपल्याबरोबर दोन गोष्टी घेऊन येतो. एक त्याची व्याधी आणि दुसरी त्या व्याधीची हकिगत. घातक रसायनाच्या संपर्कात आलेला रुग्ण मात्र तिसरी एक गोष्ट घेऊन येतो, ती म्हणजे प्रत्यक्ष ते रसायन. ते त्याच्या सदऱ्यावर असते, केसांत असते, नखांत असते, कधी त्याच्या उलटीतही असते. त्यामुळे अशा रुग्णाला हात लावणारी पहिली व्यक्ती, मग तो स्ट्रेचर ओढणारा परिचर असो की नाडी पाहणारी परिचारिका, त्या क्षणी उपचारकर्ती असते आणि संभाव्य रुग्णही असते. अशा रुग्णाला ओळखणे, त्याच्या अंगावरील विष धुऊन काढणे, योग्य उतारा देणे आणि हे करताना स्वतः सुरक्षित राहणे या चार गोष्टी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना शिकवाव्या लागतात. त्या आपोआप येत नाहीत.

आपल्याकडे हे शिकविण्यासंबंधी लेखी मार्गदर्शन उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू वैद्यकीय सल्ला देण्याचा नाही. ज्या संहितांच्या आधारे हे प्रशिक्षण अपेक्षित आहे त्या संहिता कोणाला उद्देशून लिहिल्या गेल्या, त्यांनी कोणता प्रसंग गृहीत धरला आणि कोणता प्रसंग त्यांच्या नजरेबाहेर राहिला, याची चिकित्सा करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात पडावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु विषबाधेच्या निदानात रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीला प्रयोगशाळेतील चाचणीइतकेच महत्त्व असते, आणि हकिगत ही भाषेतच सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील एक मोठे अपयश हे भाषेचे अपयश आहे.

२. संहितांची जडणघडण

भारतात रासायनिक सुरक्षेचा विचार कायद्याच्या भाषेत खऱ्या अर्थाने आला तो भोपाळनंतर. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले, १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांचे नियम आले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसंबंधीच्या सज्जतेचे नियम आले. या १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्कालीन गट कल्पिले, आणि स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी यांच्याबरोबर आरोग्य अधिकारी व परिसरातील डॉक्टर यांनाही स्थान दिले. ही तरतूद निःसंशय दूरदृष्टीची आहे.

पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने एप्रिल २००७ मध्ये औद्योगिक रासायनिक आपत्तींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैद्यकीय सज्जता आणि सामूहिक जखमींच्या व्यवस्थापनाविषयीची तत्त्वे आली, आणि २००९ मध्ये रासायनिक दहशतवादाविषयीचा दस्तऐवज आला. रुग्णालयाची आपत्ती योजना, रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी, अंगावरील रसायन काढून टाकण्याची व्यवस्था, व्यक्तिगत संरक्षक साधने, उताऱ्यांचा साठा, रंगीत तालमी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही सर्व कलमे या दस्तऐवजांत येतात. तेव्हा 'आपल्याकडे काहीच विचार झालेला नाही' अशी सरधोपट टीका करणे अन्यायाचे होईल. विचार झाला आहे आणि तो बऱ्याच अंशी सुबुद्ध आहे. प्रश्न त्या विचाराच्या चौकटीचा आहे.

३. भोंगा वाजणारी आपत्ती आणि न वाजणारी आपत्ती

वरील सर्व संहितांच्या मुळाशी भोपाळचे चित्र आहे. कारखाना आहे, त्यात टाकी आहे, टाकी फुटते, वायू पसरतो, भोंगा वाजतो, पोलीस रस्ते अडवितात आणि रुग्णालयाला दूरध्वनी जातो. २००७ च्या दस्तऐवजाच्या शीर्षकातच 'औद्योगिक' हे विशेषण आहे. आपत्तीला एक स्थळ, एक वेळ आणि एक मालक आहे असे त्यात गृहीत आहे. मुंबईत शिवडी येथे पोर्ट ट्रस्टच्या हाजी बंदर आवारात १४ जुलै २०१० रोजी जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. हा प्रसंग या चौकटीत नीट बसतो. वायू कोणता हे लवकर कळले, स्थळ एकच होते आणि रुग्ण एकदम आले.

आता यवतमाळ पाहू. २०१७ च्या खरिपात, जुलैपासून पुढील काही महिने, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर आजारी पडू लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीइतकी किंवा त्याहून अधिक वाढली होती, त्यामुळे नळी खांद्याच्या वर धरून फवारावे लागत होते. अनेक ठिकाणी दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून वापरली जात होती. तोंडाला रुमाल यापलीकडे संरक्षण नव्हते. शेकडो रुग्ण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व अन्यत्र दाखल झाले आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषबाधा निश्चित करण्यासाठी लागणाऱ्या कोलिनएस्टरेज चाचणीची सोय त्या काळात स्थानिक पातळीवर नव्हती, ही गोष्टही त्या वेळी पुढे आली.

यवतमाळात भोंगा वाजला नाही. टाकी फुटली नाही. रुग्ण आले ते एकेकटे, वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या दिवशी, आणि कोणाच्या तोंडी 'चक्कर', कोणाच्या तोंडी 'मळमळ', कोणाच्या तोंडी 'डोळ्यांपुढे धूसर' अशी तक्रार घेऊन आले. मृत्यूंच्या संख्येने पाहता ही मोठी रासायनिक आपत्ती होती. पण एका वेळी एकच रुग्ण समोर असताना तिला आपत्ती म्हणून ओळखण्याचे साधन संहितेत नव्हते. आपत्तीची व्याख्या संख्येवर आणि एककालिकत्वावर उभी असेल, तर महाराष्ट्रातील विषस्पर्शाचा फार मोठा भाग तिच्या बाहेरच राहतो. संहितेच्या चिकित्सेतून निघणारा हा पहिला निष्कर्ष होय. प्रशिक्षणाचा आरंभ घटनेपासून करून चालणार नाही, तो बाह्यरुग्ण विभागातील एकट्या रुग्णापासून व्हायला हवा.

४. 'औषध' या शब्दाची अडचण

मराठी शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. तो औषध 'मारतो', औषध 'फवारतो', औषधाचा डबा गोठ्यात ठेवतो. दुकानाच्या पाटीवरही 'बी-बियाणे, खते व औषधे' असेच लिहिलेले असते. हा शब्द भाबडेपणाने रुळलेला नाही. पिकाचा रोग बरा करणारे ते औषध, अशी ती सरळ कल्पना आहे. परंतु रुग्णालयाच्या दारात या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळतात. 'औषध घेतले' म्हणजे डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली, असा एक अर्थ. 'औषध घेतले' किंवा 'औषध प्यायला' म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न केला, असा दुसरा. आणि 'औषध लागले' म्हणजे फवारताना बाधा झाली, असा तिसरा. घाबरलेल्या नातेवाइकाच्या तोंडून यांपैकी कोणता शब्दप्रयोग निघेल आणि लिहून घेणारा त्याचा काय अर्थ लावील, यावर पुढील उपचाराची दिशा ठरते.

ही केवळ शब्दच्छलाची बाब नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णालयांना कीटकनाशकाच्या विषबाधेचा दीर्घ अनुभव आहे, पण तो मुख्यतः प्राशनाचा अनुभव आहे. विष पोटात गेले की जठर धुणे, पोलिसांना कळविणे, नातेवाइकांना विचारणे, हा क्रम परिचरापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. फवारणीतील बाधेत विष पोटात जात नाही. ते कातडीतून आणि श्वासातून जाते. तेथे जठर धुऊन काही साधत नाही. धुवायचे असते ते अंग. भिजलेला सदरा, विजार, कमरेचा करगोटा, डोक्याचा रुमाल अंगावर तसाच राहिला, तर सलाईन चालू असतानाही विषाचा शरीरात प्रवेश चालूच राहतो. जुना अनुभव येथे साहाय्य करण्याऐवजी दिशाभूल करू शकतो. म्हणून अनुभवी कर्मचाऱ्यालाही प्रशिक्षणाची गरज आहे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे लागेल.

यात आणखी एक सामाजिक पदर आहे. 'औषध' या शब्दाभोवती आत्महत्येचा संशय असल्यामुळे कुटुंबीय अनेकदा हकिगत आवरती घेतात. पोलीस, पंचनामा, गावातील बोलणे यांची त्यांना धास्ती असते. 'उन्हाचा त्रास झाला' एवढेच सांगून ते गप्प राहतात. केसपेपरवरील प्रश्न जर 'विष घेतले काय?' असा असेल तर उत्तर 'नाही' असेच येणार, आणि ते खरेही असणार. 'आज शेतात काय मारले? कोणत्या पंपाने? अंगावर सांडले काय? कपडे बदलले काय?' असे विचारले तर उत्तर वेगळे येते. दोषाची छटा नसलेला प्रश्न विचारणे ही प्रशिक्षणाने साध्य होणारी भाषिक कृती आहे. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना ही अडचण दिसणे कठीण होते, कारण 'पॉयझन' आणि 'मेडिसिन' हे शब्द त्या भाषेत एकमेकांत मिसळत नाहीत.

५. उंबरठ्यावर कोण उभे असते?

संहितेतील कर्ता बहुधा 'वैद्यकीय अधिकारी' किंवा 'आपत्कालीन वैद्यकीय पथक' असतो. वास्तवात रुग्णाला प्रथम हात लावतो तो सुरक्षारक्षक, परिचर किंवा जिला रुग्णालयात सर्वजण 'मावशी' म्हणतात ती स्त्री. २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्ण आला तर तिच्यातील डॉक्टर व चालक हे त्याआधीचे दोन. रुग्णाचे कपडे काढणे, ते कोठेतरी टाकणे, उलटी पुसणे, चादर बदलणे ही कामे कनिष्ठ कर्मचाऱ्यांची, आणि त्यांतील अनेकजण कंत्राटी. ज्यांच्या वाट्याला संपर्क सर्वाधिक येतो त्यांच्या वाट्याला प्रशिक्षण सर्वांत कमी येते, हा उलटा क्रम आहे.

या क्रमाचा धडा जपानने दिला आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडण्यात आला. सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल या रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० रुग्ण आले. आरंभी कपडे न काढता, अंग न धुता रुग्णांना आत घेण्यात आले आणि काहींना रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात ठेवण्यात आले, जेथे हवा खेळती नव्हती. नंतर कर्मचाऱ्यांची पाहणी केली तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी २३ टक्के जणांना स्वतःलाही डोळे दुखणे, डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणे जाणवली होती, आणि प्रार्थनागृहात काम करणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सारिन हा ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातीलच पदार्थ आहे. मोनोक्रोटोफॉस वा प्रोफेनोफॉस यांच्यापेक्षा तो कितीतरी पटींनी तीव्र व वायुरूपाने पसरणारा असला तरी शरीरात त्याची कार्यपद्धती तीच. कोलिनएस्टरेज हे विकर निष्क्रिय होते, ॲसिटिलकोलिन साचत जाते, आणि मग बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छाती कफाने भरते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. टोकियोच्या दहशतवादी हल्ल्याचे ज्ञान आणि यवतमाळच्या कपाशीच्या शेताचे ज्ञान ही दोन वेगळी ज्ञाने नव्हेत. संहितांनी मात्र दहशतवादाला एक पुस्तिका दिली, उद्योगाला दुसरी दिली आणि शेतीला कृषी खात्याकडे सोडून दिले.

उंबरठ्यावरील कृतीचा आणखी एक भाग लज्जेशी निगडित आहे. कपडे काढणे व अंग धुणे यानेच अंगावरील विषाचा मोठा भाग दूर होतो, हे सर्वमान्य आहे. पण हे दारात करायचे असेल तर पडदा हवा, स्त्री रुग्णासाठी स्त्री कर्मचारी हवी, बदलण्यास स्वच्छ कपडे हवेत, थंडीच्या दिवसांत कोमट पाणी हवे. ही व्यवस्था नसेल तर नियम माहीत असूनही कर्मचारी तो पाळणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. हातमोज्यांचेही तसेच आहे. नेहमीचे पातळ लॅटेक्सचे मोजे रक्तापासून संरक्षण देतात, पण तेलकट द्रावणातील कीटकनाशकापुढे ते अपुरे पडतात. तेथे नायट्राइलचे मोजे लागतात. 'मोजे घाला' या सूचनेत 'कोणते' हा शब्द नसेल तर सूचना पाळूनही धोका शिल्लक राहतो.

६. माहितीचा खुंटलेला मार्ग

भोपाळच्या त्या रात्री हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न होता तो वायू कोणता, हा. त्याचे विश्वसनीय उत्तर त्यांना वेळेवर मिळाले नाही. हा वायू केवळ डोळे झोंबविणारा आहे, अशा आशयाचे आश्वासन कंपनीच्या बाजूने मिळाले. पुढे सोडियम थायोसल्फेट द्यावे की न द्यावे याचा वाद दीर्घकाळ चालला. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने बाधित वस्त्यांत घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले. शासकीय व कंपनीच्या कागदांत न मिळणारी माहिती लोकांना विचारून मिळविण्याचा तो प्रयत्न होता. भोपाळचा वैद्यकीय धडा केवळ सुरक्षित टाक्यांचा नाही. पदार्थाचे नाव रुग्णाच्या आधी रुग्णालयात पोहोचले पाहिजे, हा तो धडा आहे.

नाव एवढे महत्त्वाचे का, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेत ॲट्रोपिन जीव वाचविते, आणि त्याची मात्रा बाहुलीकडे पाहून ठरवून चालत नाही, छातीतील स्राव आटला की नाही हे पाहावे लागते. पायरेथ्रॉइड किंवा अन्य वर्गातील कीटकनाशकाला मात्र ॲट्रोपिन हा उतारा नाही, आणि ते अनावश्यक दिल्यास स्वतःच भ्रम व तळमळ उत्पन्न करू शकते. क्लोरीनवर उतारा नाही, मोकळी हवा, प्राणवायू आणि आधार हाच उपचार. कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेत बोटाला लावायचे यंत्र प्राणवायूचे प्रमाण उत्तम असल्याचे खोटेच दाखविते. पाण्याने धुणे हा सर्वसाधारण नियम खरा, परंतु पाण्याशी पेटणारे काही पदार्थ आधी कोरडेच झटकावे लागतात. म्हणून 'काहीतरी केमिकल' ही नोंद निरुपयोगी आहे.

गंमत अशी की, नाव सांगणारी संहिता अस्तित्वात आहे आणि ती मराठीतही आहे. १९६८ चा कीटकनाशके कायदा व १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक वेष्टनाबरोबर माहितीपत्रक द्यावे लागते, त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा द्यावा लागतो आणि ते हिंदी, इंग्रजी व त्या भागातील प्रादेशिक भाषेत छापावे लागते. डब्यावर लाल, पिवळा, निळा व हिरवा असे उतरत्या विषारीपणाचे रंग असतात. डॉक्टरांना जे हवे ते या कागदावर आहे, पण तो कागद शेताच्या बांधावर पडलेला असतो आणि रुग्ण शासकीय रुग्णालयात असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरच्या पाठीवरही आपत्कालीन माहितीचा फलक असतो, त्यावर पदार्थाचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो आणि चालकाजवळ पदार्थाची माहिती देणारे पत्र असावे असा नियम आहे. तेव्हा संहितांची उणीव नाही. एका संहितेपासून दुसरीपर्यंत जाणारी वाट नाही. 'डबा घेऊन या, नाहीतर डब्याचा फोटो काढून आणा' हे एक वाक्य रुग्णवाहिका बोलावणाऱ्या प्रत्येकाला सांगितले गेले, तर ही वाट बऱ्याच अंशी खुली होईल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. पण त्यालाही प्रथम पदार्थाचे नावच सांगावे लागते.

माहिती उलट्या दिशेनेही जायला हवी. कीटकनाशके कायद्याच्या कलम २६ ने विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. या तरतुदीचा अर्थ केवळ कारवाईपुरता घेऊ नये. एका आठवड्यात चार गावांतून आलेले चार रुग्ण एका नोंदवहीत एकत्र आले तरच ती आपत्ती आहे हे पाचव्या रुग्णाच्या आधी कळते. जी आपत्ती भोंगा वाजवीत नाही तिच्यासाठी नोंदवही हाच भोंगा होय.

७. मांजरी परिसराच्या संदर्भात

वरील विवेचन केवळ विदर्भापुरते मानू नये. पुण्याच्या पूर्वेस असलेला मांजरीचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मांजरी फार्म येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. मांजरी बुद्रुक येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. बाजार समितीचा उपबाजार आहे. जवळच हडपसरची औद्योगिक वसाहत, सोलापूर महामार्ग व लोहमार्ग आहे, आणि पुढे लोणी काळभोरला इंधनाची आगारे आहेत. सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरी आवारातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २१ जानेवारी २०२१ रोजी आग लागली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मांजरी बुद्रुक गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेती, प्रयोगशाळा, कारखाना, बांधकाम, टँकर आणि दाट वस्ती या सर्वांचे येथे एकमेकांशेजारी वास्तव्य आहे.

याचा अर्थ मांजरी धोकादायक आहे असा मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की येथील एखाद्या लहान रुग्णालयाच्या दारात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणी करणारा मजूर, शीतगृहातील अमोनियाने गुदमरलेला कामगार, धुरात सापडलेला बांधकाम मजूर आणि बंद टाकीत उतरलेला सफाई कामगार हे चौघेही येऊ शकतात. चौघांनाही श्वासाचा त्रास असेल, चौघांची हकिगत वेगळी असेल आणि उपचारही वेगळा असेल. त्यांतील बरेच जण स्थलांतरित असल्याने हकिगत मराठीत येईलच असे नाही. 'काय झाले?' या प्रश्नापेक्षा 'कोठे आणि काय काम करीत होता?' हा प्रश्न येथे अधिक उपयोगी ठरतो. व्यवसाय विचारणे हा आपल्या केसपेपरवर एक रकाना आहे, परंतु तो बहुधा 'मजुरी' एवढ्या एका शब्दाने भरला जातो. मजुरी कशाची, हे त्या रकान्यात येत नाही.

८. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, आधीच कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रशिक्षण लादू नये. हा आक्षेप प्रामाणिक आहे. खाटांपेक्षा रुग्ण जास्त आणि मंजूर पदांपेक्षा कर्मचारी कमी, अशा स्थितीत दिवसभराची कार्यशाळा ही शिक्षाच वाटते. परंतु येथे सुचविलेले प्रशिक्षण कार्यशाळेचे नाही. दारातील नळ, साबण, पडदा, योग्य मोजे, दूषित कपड्यांसाठी बंद पिशवी आणि विचारायचे पाच प्रश्न, एवढा हा पाठ आहे. तो पाळी बदलताना पंधरा मिनिटांत शिकविता येतो आणि हंगामापूर्वी पुन्हा उजळता येतो. शिवाय हे प्रशिक्षण रुग्णासाठी जितके आहे तितकेच कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. रुग्णालयाला दोष देण्यापेक्षा विषारी कीटकनाशके, निकृष्ट पंप, बेपर्वा कारखाने यांवर बोट ठेवावे, असे काही अभ्यासक म्हणतील. ते खरेच आहे. प्रशिक्षित परिचर हा सुरक्षित शेतीला पर्याय नव्हे. पण रुग्णालय हीच अशी जागा आहे की जेथे या सर्व बेपर्वाईचा पुरावा जिवंत माणसाच्या रूपाने येतो. तेथे नोंद 'चक्कर, मळमळ' अशी झाली तर पुढची सर्व चौकशी, भरपाई आणि धोरण त्या दोन शब्दांतच विरून जाते. अचूक नोंद हा उपचाराचा भाग आहे तसाच न्यायाचाही.

रंगीत तालमींविषयीही एक शब्द लिहिणे आवश्यक वाटते. तारीख जाहीर करून, पाहुण्यांना बोलावून, छायाचित्रे काढून केलेली तालीम ही सादरीकरण असते. तिच्यात रुग्णाची भूमिका करणारा आपल्याला काय झाले ते स्पष्ट सांगतो. खऱ्या रुग्णाला ते सांगता येत नाही. न सांगता येणाऱ्या रुग्णाची तालीम झाली, तरच तिला प्रशिक्षण म्हणता येईल.

९. निष्कर्ष

प्रस्तुत चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) आपल्याकडील मार्गदर्शक संहिता आशयाने समृद्ध आहेत, परंतु त्यांची चौकट भोपाळसारख्या एककालिक औद्योगिक आपत्तीची आहे. यवतमाळसारखी विखुरलेली, संथ आणि शेतीतील आपत्ती तिच्यात मावत नाही.

(२) त्यांचा संबोधित वाचक हा इंग्रजी जाणणारा अधिकारी आहे. प्रथम स्पर्श करणारा कनिष्ठ कर्मचारी त्यांच्या भाषेबाहेर राहतो. मराठीत, एका पानाचे, चित्रांसह, दारात लावता येईल असे लेखन ही पहिली गरज आहे.

(३) 'औषध' या शब्दाचे अनेकार्थत्व लक्षात घेऊन दोषविरहित प्रश्नावली तयार करणे आणि 'मजुरी' या रकान्याचा विस्तार करणे यासाठी फारसा खर्च लागत नाही.

(४) माहितीपत्रक, टँकरचा फलक, विष माहिती केंद्र आणि रुग्णालय यांना जोडणारा मार्ग प्रशिक्षणाचा भाग व्हावा, आणि रुग्णालयातून कृषी व कारखाना यंत्रणांकडे जाणारी नोंद नियमित व्हावी.

(५) पडदा, पाणी, साबण व योग्य मोजे यांच्याविना दिलेले प्रशिक्षण हे कर्मचाऱ्यावर जबाबदारी ढकलणे ठरेल.

वैद्यकशास्त्र, कायदा, शेती आणि भाषा या चार ज्ञानशाखांना एकत्र आणणारा हा प्रश्न आहे. त्यांतील कोणतीही एक शाखा तो एकटीने सोडवू शकणार नाही. या विषयावरील अधिक सखोल अभ्यास, विशेषतः तालुका पातळीवरील केसपेपरच्या भाषेचा अभ्यास, मराठीच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. फवारणीचा पुढचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळीच येतो, आणि त्याआधीचे काही आठवडे शिकण्यासाठी मोकळे असतात.